पुण्यात नवीन आलात? गड नका शोधू, पायथ्याचं गाव शोधा

मी परभणीचा. आमच्याकडे गावातली सगळ्यात उंच गोष्ट म्हणजे पाण्याची टाकी. नोकरीसाठी पुण्यात आलो, वाकडला खोली घेतली आणि महिनाभरात ऑफिसातल्या मंडळींनी विचारलं, "रविवारी राजगडला येतोस का?" म्हटलं, येतो. मोबाईलमध्ये नुसतं 'राजगड' टाकलं आणि पहाटे साडेचारला गाडीला किक मारली. मोबाईलने मला जिथे नेऊन सोडलं ते भुतोंडे गाव होतं, गडाच्या पार पलीकडच्या अंगाला. बाकीचे सगळे गुंजवण्यात माझी वाट बघत उभे. मधे राजगड नावाचा एवढा थोरला डोंगर आणि फोनला रेंज नाही.

चूक मोबाईलची नव्हती. गड म्हणजे एक ठिकाण नसतं, त्याला चारी बाजूंनी गावं असतात आणि प्रत्येक गावातून वेगळी वाट वर जाते. राजगडाचंच बघा. गुंजवण्यातून निघालात तर चोरदरवाजाने पद्मावती माचीवर पोचता, शेवटी कातळात रेलिंगला धरून थोडी कसरत आहे. पालीकडून गेलात तर पायऱ्यांची रुळलेली वाट थेट पाली दरवाजात नेते, घरच्यांना घेऊन जायचं तर हीच. भुतोंड्याकडून अळू दरवाजाने संजीवनी माची. तीन गावं, तीन वेगळे ट्रेक. त्यात आता वेल्हे तालुक्यालाही राजगड हेच नाव मिळालंय, म्हणजे गोंधळात भर.

तेव्हापासून मी गड शोधत नाही, पायथ्याचं गाव शोधतो. पुण्यात नव्याने आलेल्यांना गेल्या काही वर्षांत जे तोंडी सांगत आलो ते इथे क्रमाने लिहितो.

आधी घरामागची टेकडी

पहिल्याच रविवारी हरिश्चंद्रगडाला जाऊ नका. पुणे शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे आणि शहराच्या आतच टेकड्या आहेत. कोथरूड, सेनापती बापट रस्ता, पाषाण या बाजूला राहत असाल तर वेताळ टेकडी, सहकारनगरकडे असाल तर तळजाई आणि पर्वती, बाणेर-औंधकडे असाल तर तुकाईची टेकडी. आमच्या वाकड-पिंपरीकडच्यांना घोरावडेश्वर सोयीचा. देहूरोडच्या पुढे, लोकलचं घोरावाडी स्टेशन जवळ, अर्ध्या तासाची चढण आणि वर कोरलेल्या लेण्यांमध्ये महादेव.

यातली एक टेकडी निवडा आणि चार आठवडे तीच करा. कंटाळवाणं वाटेल, पण त्यात दोन कामं होतात. एक, तुमचे बूट, तुमचा दम आणि तुमचे गुडघे काय म्हणतात ते घरापासून वीस मिनिटांवर कळतं. माझ्या नव्या बुटांचा तळ सुटला तो तुकाईच्या उतारावर. हेच तोरण्यावर झालं असतं तर मी अनवाणी उतरलो असतो.

दुसरं काम जास्त महत्त्वाचं. टेकडीवर रोज येणारे लोक असतात. पांढरी टोपी, हातात काठी, वय सत्तरच्या पुढे, आणि आपल्याला सहज मागे टाकून जाणारे. यांना नुसतं "काका, तो समोर टॉवर दिसतोय तो सिंहगड का?" एवढं विचारा. पुढची वीस मिनिटं तुम्हाला काही बोलावं लागणार नाही. पुण्यातलं निम्मं ट्रेकिंगचं ज्ञान अजूनही अशाच पद्धतीने पसरतं.

एका डोंगरावरून पुढचा डोंगर

पाऊस पडून गेल्यावर, हवा धुतल्यासारखी असते अशा सकाळी वेताळ टेकडीवर जा. नैऋत्येला लांब, सपाट माथ्याचा डोंगर आणि त्यावर दूरदर्शनचा मनोरा दिसतो. तो सिंहगड. तुमचा दुसरा टप्पा तोच.

सिंहगड शहरापासून तीसेक किलोमीटर. स्वारगेटहून पीएमपीची बस पायथ्याशी सोडते. गाडीरस्ता वरपर्यंत जातो, पण आपण चालायला आलोय, तेव्हा आतकरवाडीत उतरायचं. रविवारी सकाळी या वाटेवर एकटं राहायची सोयच नाही, इतकी गर्दी. नवख्याला ही गर्दी उपयोगाची आहे. वाट चुकत नाही, पाय मुरगळला तर चार हात पुढे येतात आणि मधे ताक, लिंबू सरबत विकणाऱ्या मावश्या बसलेल्या असतात. वर पिठलं-भाकरी, ठेचा आणि मडक्यातलं दही. पुणेकर गड चढतात की दह्यासाठी चढतात हा वाद जुना आहे.

पण खाऊन लगेच उतरू नका. गडाच्या दक्षिण टोकाला झुंझार बुरूज आहे, तिथवर जा. समोर टोपीसारखा माथा दिसतो तो राजगड, त्याच्या उजवीकडे लांबलचक पसरलेला तोरणा, खाली पानशेतचं खोरं आणि पूर्वेला दूरवर पुरंदर. पुढच्या सहा महिन्यांची यादी तिथेच डोळ्यांसमोर मांडलेली असते. त्यात कुठला डोंगर एकटा उभा आहे, कुणाची सोंड, म्हणजे माथ्यापासून खाली उतरत गेलेली धार, कुठे उतरते, कुठल्या दोन गडांमध्ये खिंड आहे हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की नंतर नकाशा बोलायला लागतो.

नकाशा: अर्धा तास बसा, एवढंच

सर्व्हे ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावर नोंदणी केली की १:५०,००० प्रमाणाचे नकाशे उतरवून घेता येतात. या नकाशावर १ सेंटीमीटर म्हणजे जमिनीवर ५०० मीटर. त्यावरच्या तपकिरी वळणदार रेषा म्हणजे समोच्च रेषा. एका रेषेवरून पुढच्या रेषेवर गेलात की तुम्ही २० मीटर चढलात किंवा उतरलात.

तीन गोष्टी ओळखता आल्या तरी पुरे. रेषा विरळ म्हणजे पठार, दाट म्हणजे दम लागणार, आणि एकमेकींना चिकटल्या म्हणजे कडा, तिकडे वाट नाही. रेषांचं टोक वरच्या, माथ्याच्या दिशेला घुसलेलं असेल तर तो ओढा किंवा घळ. टोक खालच्या दिशेला बाहेर आलेलं असेल तर ती सोंड. सह्याद्रीतल्या बहुतेक वाटा सोंडेने चढतात. नवख्याने घळीने चढायचं धाडस करू नये, पावसाळ्यात तर नाहीच.

आता वेळेचं गणित. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक साधा हिशेब मांडला: सपाटीवर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. सिंहगडाला लावून बघा. आतकरवाडीहून चढाई साधारण ६०० मीटर, म्हणजे नकाशावर तीसेक रेषा. अंतर अडीच-पावणेतीन किलोमीटर. अर्धा तास अधिक एक तास, म्हणजे दीड तास. तुम्ही पहिल्यांदा सिंहगड चढाल तेव्हा घड्याळ लावा. दीड तास लागला तर हा हिशेब तुम्हाला जसाच्या तसा लागू. सव्वादोन लागले तर कुठल्याही गडाच्या हिशेबाला दीडने गुणा. माझे पहिल्या वेळी दोन तास दहा मिनिटं झाले होते. त्यातली वीस मिनिटं मी एका दगडावर बसून चढायचा बेत सोडून देण्याचा विचार करत होतो.

मोबाईलवरचे नकाशेही वापरा, पण आदल्या रात्री तो भाग उतरवून ठेवा. खोऱ्यात शिरलं की रेंज जाते. आणि शोधताना गडाचं नाव टाकू नका. 'गुंजवणे', 'पाली', 'सोनोरी', 'तिकोना पेठ' असं गावाचं नाव टाका.

गावात पोचल्यावर

हा टप्पा लोक सर्रास गाळतात. गाडी लावली, बाटल्या भरल्या, निघाले. माझं म्हणणं, गावात दहा मिनिटं थांबा.

कसं विचारायचं यालाही पद्धत आहे. "ही वाट गडावर जाते ना?" असं विचारलंत तर समोरचा माणूस हो म्हणतो. पाहुण्याला नाही कशाला म्हणायचं! तुंग गडाच्या बाजूला एका आजींना मी असंच विचारलं होतं आणि तासभर ढोरवाटेने भटकून परत त्यांच्याच अंगणात आलो. आजी शेंगा निवडत बसलेल्या. "मग तुमी इचारलं, वाट जाती का. वाट जाती की. पर तिथं आमची गुरं जात्यात, मानसं न्हाय." तेव्हापासून मी उलटं विचारतो. "आजी, ही वाट पुढे कुठे जाते?" किंवा "गावातली पोरं गडावर कुठून जातात?" मग उत्तरात खुणा येतात. डाव्या हाताला विहीर, मग आंब्याचं झाड, मग ओढा ओलांडायचा, मग देवाचा दगड. या खुणा मोबाईलमध्ये टिपून ठेवा.

अंतर मात्र गावकऱ्यांकडून घेऊ नका. "हे काय, इथंच तर हाय" म्हणजे तास. "जरा लांब हाय" म्हणजे घरी फोन करून उशीर होईल असं सांगून टाका.

तीन गोष्टी पक्क्या विचारायच्या: वरच्या टाक्यात, म्हणजे कातळात कोरलेल्या हौदात, प्यायचं पाणी आहे का, वाटेत कुठे आग्यामोहोळ बसलंय का, आणि शेवटची एसटी किती वाजता. मोहोळाचं हसण्यावारी नेऊ नका. मधमाश्या उठल्या तर पळायला जागा नसते. मोहोळाजवळ अत्तर, परफ्यूम, धूर आणि आरडाओरडा वर्ज्य.

जेवण गावातच सांगून जा. चार माणसांचं पिठलं, भाकरी, कांदा, लसणाची चटणी. दुपारी दीडला उतरतो म्हणून सांगितलं की फायदा दुहेरी. गरम भाकरी मिळते आणि तुम्ही दीडला आला नाहीत तर गावात कुणाच्या तरी लक्षात येतं.

वाट ओळखताना

रुळलेली वाट आणि ढोरवाट यातला फरक हळूहळू कळतो. ढोरवाटा उतारावर आडव्या, एकाखाली एक, पायऱ्यांसारख्या जातात, पाच-सात एकदम दिसतात आणि झुडपात संपतात. माणसांची वाट एकच असते आणि ती वर जायचा हट्ट सोडत नाही. कातळावर चुन्याचे किंवा रंगाचे बाण, दगडावर दगड रचलेली उतरंड, कोरलेल्या खोबण्या या खात्रीच्या खुणा. लाजिरवाणी असली तरी आणखी एक खात्रीची खूण आहे: वेफर्सचं पाकीट. ते दिसलं की वाट बरोबर आहे. उचलून पिशवीत टाका आणि पुढे चला.

पंधरा मिनिटं वाट सापडली नाही तर शेवटच्या ओळखीच्या खुणेपर्यंत मागे या. खाली सरळ उतरत गेलं की गाव लागेलच, हा विचार फसवा आहे. सह्याद्रीत खाली सरळ उतरलं की कडा लागतो. तीव्र उतारावर घसारा असतो, मुरमाची बारीक खडी, त्यावर चढणं जमतं आणि उतरणं जमत नाही. म्हणून चढतानाच दर दहा मिनिटांनी मागे वळून बघायची सवय लावा. परतीची वाट तशीच दिसणार असते.

पहिल्या सहा महिन्यांसाठी

मल्हारगडापासून सुरुवात करा. दिवे घाटाच्या वर, सासवडच्या अलीकडे. पायथ्याचं गाव सोनोरी, दुसऱ्या बाजूने झेंडेवाडी. चढ तासाच्या आतला. महाराष्ट्रातला सगळ्यात शेवटी बांधलेला गड म्हणून हा ओळखला जातो. पेशव्यांच्या तोफखान्याचे प्रमुख पानसे यांनी १७५७ ते १७६० च्या सुमारास तो उभारला. लहान मुलं, गुडघ्यांची तक्रार असलेली आई, नुकतंच लग्न झालेलं जोडपं, सगळ्यांना चालतो. सावली मात्र नाही.

मग लोहगड. गाडीने लोहगडवाडीपर्यंत जाऊन पायऱ्या चढता येतात, पण माझं ऐका आणि लोकलने जा. पुणे-लोणावळा लोकलने मळवली स्टेशनला उतरा, द्रुतगती मार्गावरच्या पुलावरून पलीकडे जा, भाजे गाव, वाटेत वाकडी वाट करून भाजे लेणी, मग गायमुख खिंड. खिंडीत डावीकडे विसापूर, उजवीकडे लोहगड. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा अशी चार दारं ओलांडत वर गेलं की पश्चिमेला विंचवाच्या नांगीसारखी पसरलेली विंचूकाटा माची. गाडीने आलेल्याला फक्त गड दिसतो. स्टेशनवरून चालत आलेल्याला गड कुठे आणि का बांधला ते कळतं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने 'मराठा लष्करी भूप्रदेश' म्हणून ज्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशात घेतलं त्यात लोहगड आहे आणि राजगडही. परतताना लोकलचं वेळापत्रक आधी बघा, दुपारी मधे बराच खंड असतो.

त्यानंतर तिकोना, पवना धरणाचं पाणी वरून बघायचं असेल तर. शेवटच्या पायऱ्या उंच आणि उभ्या आहेत, उतरताना तोंड कातळाकडे ठेवा. पुरंदरला जाणार असाल तर ओळखपत्र विसरू नका, तो परिसर लष्कराच्या ताब्यात आहे.

राजगड आणि तोरणा यांना हात लावायचा तो हे सगळं झाल्यावर. तोरणा पुणे जिल्ह्यातला सगळ्यात उंच किल्ला, १,४०० मीटरच्या आसपास. पायथा वेल्हे. वाट सोपी नाही, लांबलचक आहे आणि शेवटच्या टप्प्यात कातळ आहे. ऑफिसातली हौशी मंडळी कात्रज ते सिंहगड रात्रीचा ट्रेक सुचवतील. तेरा-चौदा टेकड्यांचा चढ-उतार आहे, पाणी नाही आणि मुरमावर घसरायला होतं. पहिल्या वर्षी नम्रपणे नाही म्हणा.

कधी जायचं

जुलै-ऑगस्टमध्ये धुक्यात काहीच दिसत नाही, आणि तरी तेव्हाच सगळं पुणे लोणावळ्याकडे निघतं. रस्त्यात अडकून चार तास घालवायचे असतील तर जरूर जा. मला विचाराल तर नवख्याला सगळ्यात चांगला काळ म्हणजे सप्टेंबरचा शेवट ते फेब्रुवारी. सुरुवातीला पठारांवर सोनकीच्या फुलांची पिवळी चादर असते, मग गवत सोनेरी होतं आणि हवा स्वच्छ असते. फेब्रुवारीनंतर वाळलेल्या गवताला वणवे लागतात, टाकी आटतात. उन्हाळ्यात जायचंच तर पहाटे पाचला चढायला लागा आणि दहाच्या आत खाली या.

पावसात ओढा ओलांडताना एकच नियम: जाताना घोट्याएवढं असलेलं पाणी येताना कमरेएवढं होऊ शकतं. वर डोंगरावर पडलेला पाऊस तुम्हाला दिसत नाही. पाणी वाढलं तर अलीकडेच थांबा, जोर ओसरला की तेही उतरतं. धबधबे, अंधारबनासारख्या जंगलवाटा आणि काही गड पावसाळ्यात प्रशासन किंवा वनखातं बंद करतं. आदल्या दिवशी गावातच फोन करून विचारा. सिंहगडाचा घाटरस्ताही दरड कोसळली की बंद होतो.

कुणाबरोबर

सुरुवातीला तिघं-चौघं. एकटं नको, पन्नास जण तर नकोच. मी एकदा पैसे भरून एका गटाबरोबर गेलो होतो. बसमधून बासष्ट जण उतरले, वाट दाखवायला दोन मुलं, त्यातला एक पहिल्यांदाच त्या गडावर आलेला. कातळटप्प्याखाली आम्ही दीड तास रांगेत उभे होतो. पैसे भरण्याआधी विचारा: किती जण आहेत, दर किती जणांमागे एक जाणता, प्रथमोपचाराची पेटी आणि ती वापरता येणारा माणूस आहे का, संस्थेची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का. २०२१ च्या राज्याच्या साहसी पर्यटन धोरणात या नोंदणीची तरतूद आहे. प्रश्न विचारल्यावर जो वैतागतो त्याच्याबरोबर जाऊ नका. पुण्यात गिरिप्रेमीसारख्या जुन्या संस्था आहेत, त्यांच्याकडे नीट शिकवणारे वर्गही असतात.

सामानाचं थोडक्यात: माणशी तीन लिटर पाणी, गूळ-शेंगदाणे, शिट्टी, डोक्याला लावायची विजेरी (सकाळी निघालात तरी), पूर्ण बाह्यांचा शर्ट, खाच असलेल्या तळाचे बूट. दगडाखाली किंवा बिळात हात घालू नका, फुरसं हा विषारी साप अशाच जागी असतो. चावलाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही नको. हात-पाय हलवू न देता थेट दवाखाना, आणि ११२ ला फोन.

आणि एक वही करा. माझ्या वहीत प्रत्येक ट्रेकला पाच रकाने असतात: गाव, निघालो, पोचलो, शेवटचं पाणी, जेवण. परवाची नोंद अशी आहे: "पाली. ६:४०. पाली दरवाजा ८:५५. पाणी गावातल्या हापशावर, वाटेत नाही. जेवण देवळामागच्या घरी, चार भाकऱ्या, पाचवी आजींनी आग्रहाने वाढली. पुढच्या खेपेसाठी त्यांनी वाटीभर हावरी (म्हणजे तीळ) मागितलीय, परभणीहून आणायची आहे."